नंतर पाहू

दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत आपल्याकडे घरोघरी काही ठरलेले प्रश्न विचारले जातात. भाजणी दळून आणली का? माळ्यावरचा आकाशकंदील उंदरांनी शिल्लक ठेवला आहे की नवा आणायचा? आत्या पाडव्याला येणार की भाऊबीजेला? आमच्या वाईच्या घरात गेली काही वर्षे या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली होती आणि तो माझ्याकडे पाहून विचारला जाई, “तुझं ते संपलं का गं?”

‘ते’ म्हणजे माझा पीएच.डी.चा प्रबंध. जुन्या बायका जसे नवऱ्याचे नाव घेत नसत, तसे आमची आई प्रबंधाचे नाव घेत नाही. या सदराच्या नेहमीच्या वाचकांनीही पत्रांतून मला हा प्रश्न अनेकदा विचारला आहे. एका वाचकभगिनींनी तर ‘आधी प्रबंध की आधी लग्न, ते एकदा ठरवा’ असा प्रेमळ दमही भरला होता. त्या सर्वांना एकदमच उत्तर द्यावे म्हणून २०२४ सालच्या आश्विनाची हकीकत आज सांगते. हकीकत काही फार भूषणावह नाही. पण दिवाळीला घर झाडायला काढले की कोपऱ्यातले सगळेच बाहेर येते, त्यातलाच हा प्रकार.

माझा विषय पेशवाईतल्या एका परगण्यातील धान्याची धारण. धारण म्हणजे बाजारभाव. आपण आज ‘ज्वारी अमुक रुपये किलो’ म्हणतो. त्या काळी ‘रुपयास इतक्या पायल्या’ असे म्हणत. त्यामुळे महागाई वाढली की आकडा घटायचा आणि स्वस्ताई झाली की चढायचा. हे उलटे गणित अंगवळणी पडायला मला एक वर्ष लागले, आणि मग मंडईत भाजीवाल्याशी बोलताना माझीच फजिती होऊ लागली.

ही धारण शोधायची ती मोडी कागदांत. पुण्यात कौन्सिल हॉलजवळ जुन्या दगडी इमारतीत पेशवे दप्तर आहे. तिथे कागद ‘रुमालां’त बांधून ठेवलेले असतात. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. गाठोडे बांधायचे चांगले ऐसपैस फडके. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड छापले, तरी उरलेल्या रुमालांकडे पाहिले की समुद्रातून तांब्याभर पाणी काढले असेच वाटते. त्या समुद्राच्या काठी बसून मी सहा वर्षे ज्वारी-बाजरी मोजत होते.

त्या आश्विनात मात्र मोजणी संपली होती. लिहिणेही संपले होते. विद्यावृत्ती तर जुलैतच संपली होती. ती पाच वर्षांची असते, आणि प्रबंध पाच वर्षांत संपत नाही हे ती देणाऱ्यांखेरीज सर्वांना ठाऊक असते. सदाशिव पेठेतल्या माझ्या खोलीचे भाडे दोन शिकवण्यांवर निघत होते. नवरात्रापूर्वीचे ते दिवस आठवले की अजून अंगावर घाम येतो. पुण्यातला ऑक्टोबर हा एक छोटा उन्हाळाच असतो. पाऊस आटोपला असे वाटून छत्री माळ्यावर टाकावी, तर संध्याकाळी तो परत हजर! सकाळी घरमालकीण काकूंच्या दारातला पारिजातकाचा सडा ओलांडून मी बाहेर पडे. दुपारचा डबा विभागातच खाई. डब्यात फ्लॉवर-बटाटा असला की सोमवार आणि बटाटा-फ्लॉवर असला की मंगळवार, एवढ्यावरून वार ओळखायचा. संध्याकाळी परत येऊन तळटीपांतले पूर्णविराम मोजायचे.

प्रबंध लिहिणे अवघड असे लोक समजतात. तसे नाही. प्रबंध लिहिणे सोपे, तो देणे अवघड. फॉर्म भरायचे, शुल्क भरायचे, ग्रंथालयाचे ‘येणे नाही’ आणायचे, मार्गदर्शकांची सही चार ठिकाणी घ्यायची. त्यात वाङ्मयचौर्याची तपासणी. २०१८ च्या नियमांप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते. आमचा मजकूर संगणकाला घातला, तेव्हा त्याने ऋणनिर्देशाचे पान जवळजवळ पूर्ण रंगवून ठेवले. ‘मी त्यांची आजन्म ऋणी आहे’ हे वाक्य माझ्याआधी शेकडो जणांनी लिहिले होते म्हणे! आपली कृतज्ञतासुद्धा उसनी आहे हे कळल्यावर मनुष्याने काय करावे?

त्यातच ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. विभागात पेढे वाटले गेले. आमचे सर पेढा खात हसून म्हणाले, “भाषा अभिजात झाली. आता तुमचा प्रबंधही तेवढा वेळेत होऊ द्या.” कारण वेळेचा प्रश्न खरोखरच होता. एका महाविद्यालयात वर्षभराची अध्यापकाची जागा निघाली होती. दिवाळीच्या सुट्टीआधी मुलाखत होती, आणि तिथे प्रबंध सादर केल्याचे विद्यापीठाचे पत्र दाखवणे आवश्यक होते. १२ ऑक्टोबरला दसरा. सोमवारी, चौदाला, छापायला टाकायचे, आठवड्यात सोनेरी अक्षरांची बांधणी करून घ्यायची आणि लगेच सादर करायचे, असा बेत अगदी पंचांग पाहून केल्यासारखा जुळला होता.

दसऱ्यासाठी वाईला गेले ती या खुशीतच. स्वारगेटला एस.टी. मिळाली, बसायला खिडकी मिळाली, खंबाटकीच्या घाटात गार वारे लागले. पिशवीत प्रबंधाची कच्ची प्रत होती, ४१२ पानांची. पाटीपूजनाला ती ठेवायची असे आईने फोनवर बजावून सांगितले होते.

आमचे अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. बत्तीस वर्षे त्यांनी तिकिटे फाडली आणि रोज रात्री डेपोत वेबिल भरून हिशेब दिला. तिकिटांची बेरीज आणि पिशवीतली रोकड जुळली नाही, तर घरी यायला कितीही उशीर झाला तरी ते जुळवूनच येत. आता निवृत्त झाल्यावर त्यांच्यापाशी जुळवायला काही उरले नव्हते. त्यामुळे दसऱ्याच्या आदल्या रात्री त्यांनी माझी प्रत हातात घेतली आणि चष्मा चढवून ओसरीवर बसले. मी म्हटले, “अण्णा, त्यात वाचण्यासारखं काही नाही हो. नुसते ज्वारीचे भाव आहेत.” ते म्हणाले, “आपण ज्वारीच खातो.”

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. सरस्वतीच्या पाटीशेजारी प्रबंध ठेवून झाला. दुपारी श्रीखंड-पुरीचे जेवण अंगावर आलेले. अशा वेळी अण्णांनी मला हाक मारली. “पोरी, जरा इकडे ये. हे तुझं सुरूर सन काय प्रकरण आहे?”

तो शब्द ‘शुहूर सन’ असा आहे. पण पुण्याहून येताना सुरूर फाट्यावर वाईसाठी वळावे लागते, आणि अण्णांनी आयुष्यभर तिथली तिकिटे फाडलेली. तेव्हा त्यांच्या तोंडी सुरूरच बसले. मी त्यांना समजावून सांगितले. पेशवाईतल्या कागदांवर हे साल अरबी शब्दांत लिहीत, आणि तेही एकंपासून उलटे. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. त्यात ६०० मिळवले की १७६१, पानिपतचे साल. मात्र हे साल जानेवारीत सुरू होत नाही; ते जूनमध्ये, मृग लागला की सुरू होते. शेतकऱ्याचे साल ते! म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदांना ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदांना ६००.

“ते कळलं मला,” अण्णा म्हणाले. “तू पान ३१ वर लिहिलंच आहेस. पण मग पान १८७ वरच्या तक्त्याखाली ‘सर्व सालांत ६०० मिळवले आहेत’ असं बारीक अक्षरात का लिहिलंस?”

मी तक्त्याकडे पाहिले. अण्णा बोलतच होते. “भाऊसाहेबांनी कुंजपुरा घेतला तो दसऱ्याच्या सुमारास, ऑक्टोबर १७६० मध्ये. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. साल दोन्हीचं एकच, ११६१. तुझ्या या तक्त्यात घातलं तर कुंजपुरा १७६१ च्या दसऱ्याला पडतो. म्हणजे पानिपत होऊन गेल्यावर नऊ महिन्यांनी! तेव्हा भाऊ कुठले आणि फौज कुठली?”

ते हसत होते. त्यांना वाटले, मी काहीतरी उत्तर देईन आणि त्यांचेच चुकले असे निघेल. मी तक्ता घेऊन आत गेले.

तो तक्ता मी पहिल्या वर्षी केला होता. तेव्हा मोडी नीट वाचता येत नव्हती, जंत्री पाहायचा कंटाळा होता, आणि संगणकाला एकदा ६०० मिळवायला सांगितले की तो निमूटपणे सगळीकडे मिळवून देई. पुढच्या सगळ्या नोंदी मी जंत्री लावून नीट केल्या. हा पहिला तक्ता तसाच राहिला. त्या वर्षीची वही घरीच ट्रंकेत होती. ती काढली. पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात, समासात लिहिले होते: ‘सध्या ६०० मिळवू. नंतर पाहू.’

११२ नोंदींपैकी ४३ नोंदी चुकल्या होत्या. आणि चुकल्या त्या नेमक्या आश्विन-कार्तिकातल्या. नवे पीक बाजारात येऊ लागते आणि भावाचा कल कळतो त्या दिवसांतल्या. वर्षभराच्या चुकीने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. माझे सगळे प्रकरण त्यावर उभे होते. एका वर्षी चैत्रात सरकारने त्या परगण्याला साऱ्याची सूट दिली आणि त्यानंतरच्या आश्विनात महागाई झाली, असे माझ्या तक्त्यात दिसत होते. त्यावरून मी लिहिले होते की महागाई येण्याआधीच ती ओळखून सूट देणारे दूरदर्शी अंमलदार तिथे होते. या ‘दूरदर्शी’ शब्दावर माझा फार जीव होता. एका परिसंवादात त्यावर टाळ्याही मिळाल्या होत्या. आता ५९९ मिळवून पाहिले, तर महागाईचा आश्विन एक वर्ष मागे सरकला. म्हणजे लोकांनी आधी सहा महिने महागाई सोसली आणि मग चैत्रात सूट मिळाली. माझे दूरदर्शी अंमलदार एका वजाबाकीत इतरांसारखे साधे होऊन गेले.

संध्याकाळी सीमोल्लंघन करून लोक सोने वाटत आले. मी दारात उभी राहून आपट्याची पाने घेत होते, देत होते. शेजारच्या काकांनी विचारले, “काय, संपलं का?” मी म्हटले, “संपलंच समजा.” अण्णांनी माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत.

रात्री पुण्याच्या मैत्रिणीला फोन केला. ती माझ्याबरोबरच संशोधन करते. स्वभावाने सरळ आणि माझ्या हिताची. ती म्हणाली, “वेडी आहेस का? ती बारीक अक्षरातली ओळ काढून टाक. ४१२ पानांत तो तक्ता कोण तपासणार आहे? आधी नोकरी घे. पुस्तक छापशील तेव्हा दुरुस्त कर.” म्हणजे, नंतर पाहू. तिचे चुकले असे मी आजही म्हणणार नाही. खोलीचे भाडे डोक्यावर होते आणि मी एकतीस वर्षांची होते. रविवारी पुण्याला परतताना मी तिचेच ऐकायचे ठरवले होते. जाताना घाट लागला होता, येताना बोगदा लागला. त्या बोगद्याच्या अंधारात खिडकीच्या काचेत आपलेच तोंड दिसते. कात्रजपर्यंत तेच पाहत बसले होते.

सोमवारी छापखान्यात जाण्याऐवजी मी सरांकडे गेले. काय बोलायचे ते पाठ केले होते. पण प्रत्यक्षात वही उघडून समासातली ती ओळच पुढे केली. सरांनी वाचली. तक्ता पाहिला. बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

“किती नोंदी?”

“त्रेचाळीस.”

“कोणाच्या लक्षात आलं?”

“वडिलांच्या. ते एस.टी.त कंडक्टर होते.”

सर उठले, खिडकीपाशी गेले आणि परत येऊन बसले. “हा तक्ता मी तीनदा वाचला आहे,” ते म्हणाले. “तेव्हा चूक तुमची एक आणि माझ्या तीन. मुलाखतीचं मला ठाऊक आहे. मी आत्ता सही करणार नाही, असं मी म्हणणार नाही. तुम्ही सांगाल तसं करू.”

त्यांनी रागावून परत पाठवले असते तर मला सोपे गेले असते. निर्णय माझ्यावर टाकल्यावर मात्र पळायला जागा उरली नाही. मी म्हटले, “सर, मला दिवाळीपर्यंत वेळ द्या.” ते म्हणाले, “दिवाळी काय, देवदिवाळीपर्यंत घ्या. पण घाईने दुसरी चूक करू नका.”

मग पंधरा दिवस जंत्री, तक्ता आणि मी. जो कागद ज्या तिथीचा, ती तिथी पुन्हा लावायची. आठ नोंदी अशा निघाल्या की माझ्या वहीवर भरवसा ठेवता येईना. त्यांच्यासाठी पुन्हा दप्तरात जाऊन रुमाल सोडवून घेतले. सहा वर्षांपूर्वी जे अक्षर मला मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत होते, ते आता सरळ वाचता येत होते. त्यात एका वाचनाची आणखी एक चूक सापडली. तिच्यासाठी मात्र मी स्वतःला माफ केले. ती न येण्याची चूक होती, टाळण्याची नव्हती.

सोळा तारखेला कोजागरी होती. काकूंच्या गच्चीवर बिऱ्हाडकरू जमले होते. मी खाली दिवा लावून बसलेली पाहून काकूच मसाला दुधाचा पेला घेऊन आल्या. दारातच थांबून म्हणाल्या, “को जागर्ति, विचारत लक्ष्मी फिरते म्हणतात. तू जागीच आहेस. बघू तुला काय देते ती.” लक्ष्मीने त्या रात्री मला बारा नोंदी दिल्या.

मुलाखतीला मी गेले. पत्राविषयी विचारले, तेव्हा ‘प्रबंधात एक दुरुस्ती चालू आहे’ असे खरे तेच सांगितले. त्या मंडळींनी सौजन्याने ऐकून घेतले. त्यांच्या नियमात जे बसत होते ते त्यांनी केले. ती जागा मला मिळाली नाही.

२९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, मी वाईला पोहोचले. नवा तक्ता हातात होता. पण ‘संपलं का?’ या प्रश्नाला उत्तर अजून ‘नाही’ हेच होते, आणि नोकरी गेल्याचेही सांगायचे होते. आईने ऐकले आणि ती चकलीचा सोऱ्या धुवायला उठून गेली. तिचे वाईट वाटणे नेहमी भांड्यांच्या आवाजातून कळते. अण्णा माझ्यापाशी येऊन बसले. ओशाळल्यासारखे म्हणाले, “मी उगाच वाचलं गं. न वाचतो तर तुझी नोकरी झाली असती.”

सात वर्षांत मला असे रडू कधी आले नव्हते. मी म्हटले, “अण्णा, तुमच्या पिशवीत एक रुपया जास्त निघाला असता तर तुम्ही काय केलं असतंत?” ते म्हणाले, “जास्त निघाला तरी रात्री झोप येत नसे. कोणाचा तरी तो असतोच.” मग थोड्या वेळाने तेच म्हणाले, “आपल्या वाईत विश्वकोश झाला ना, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा पुरा व्हायला २०१५ उजाडलं. तुझं काय, अजून दोन महिने!”

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वहीपूजनाला त्यांनी घरखर्चाची वही ठेवली, तिच्यावर माझा नवा तक्ता ठेवला आणि दोन्हींना हळदकुंकू वाहिले. त्या तक्त्यावर कुंकवाचे बोट अजून आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. प्रबंध डिसेंबरात सादर झाला. २०२५ च्या जुलैत मौखिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पुष्कळ प्रश्न विचारले, संदर्भसूचीतले दोन ऱ्हस्व-दीर्घही दाखवून दिले. पान १८७ वरच्या तक्त्याविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. मैत्रीण मागच्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि आम्ही दोघी हसू दाबत बसलो. सध्या मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. ‘दूरदर्शी’ हा शब्द प्रबंधात आता कोठेही नाही. त्याजागी एक साधे वाक्य आहे: महागाई आश्विनात झाली, सूट चैत्रात मिळाली. मधल्या सहा महिन्यांत त्या परगण्यातल्या माणसांनी काय खाल्ले असेल, हा प्रश्न मला पूर्वी पडला नव्हता. तक्ता चुकीचा होता तोवर तो पडण्याचे कारणच नव्हते. पुढचा अभ्यास त्यावरच करायचे म्हणते.

तर वाचकहो, ‘ते’ संपले. यंदा दिवाळीला घरी गेले की आई काय विचारील, याची मात्र मला थोडी धास्ती आहे. आमच्या त्या वाचकभगिनींच्या पत्रातला दुसरा अर्धा प्रश्न अजून शिल्लक आहे ना! त्याचे उत्तर मी सध्या एवढेच देऊ शकते...

पण नको. ते दोन शब्द मी आता लिहीत नाही. तुम्हां सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा!